जुन्या अमेरिकन सिटकॉममधल्या मैत्रिणी आणि त्यांच्यातली चढाओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जुने सिटकॉम’ म्हणजे इथे नेमके कोणते?

१९५१ मध्ये सीबीएस या वाहिनीवर ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली, तिथपासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अमेरिकन विनोदी मालिका. अर्ध्या तासाचा भाग, दोन-तीन ठरलेले सेट, तीन-चार कॅमेरे आणि बहुतेक वेळा समोर बसलेले खरेखुरे प्रेक्षक, असा त्यांचा साचा.

या बायका एकमेकींच्या मैत्रिणी आहेत, तर दर आठवड्याला का भांडतात?

कारण भाग संपताना सगळं पुन्हा मूळ जागी यावं लागतं. खऱ्या वैरिणी असतील तर त्या पुढच्या आठवड्यात एका खोलीत बसणार नाहीत, आणि नुसत्याच गळ्यात गळे घालणाऱ्या मैत्रिणी असतील तर काही घडणारच नाही. म्हणून लेखक आधी दोघींना एका जागी बांधून टाकतात आणि मग त्यांच्यात ठिणगी पाडतात. बांधायला भाडेकरार चालतो, नोकरी चालते, नातं चालतं. लव्हर्न आणि शर्ली एकाच तळघरात राहतात आणि एकाच बिअरच्या कारखान्यात बाटल्यांना बुचं लावतात. ‘गोल्डन गर्ल्स’ या मालिकेतल्या चौघी मायामीतल्या एका घरात राहतात आणि ते घर ब्लांशचं आहे.

कुठलीही जोडी समजून घ्यायची असेल तर एक प्रश्न विचारून पाहा: उद्या यांचं कायमचं बिनसलं, तर कोणाचं काय जाईल? उत्तरातून कळतं की पारडं कोणाचं जड आहे. आणि विनोद बहुतेक वेळा ते पारडं उलटं करण्यातूनच निघतो.

लुसी आणि एथेल बरोबरीच्या मैत्रिणी आहेत का? एथेल लुसीची शेपूट तर नाही ना?

वरचा प्रश्न इथे लावा. एथेल आणि फ्रेड मर्ट्झ त्या इमारतीचे मालक, रिकार्डो जोडपं (लुसी आणि तिचा नवरा) त्यांचं भाडेकरू. कागदोपत्री एथेल वरचढ. तरी बेत ठरतात लुसीच्या डोक्यात, आणि एथेल कुरकुरत का होईना त्यात उतरते. ती ‘नको’ म्हणते आणि मग जाते, म्हणूनच लुसीचा वेडेपणा आपल्याला पटतो. शहाणी बाई शेजारी उभी राहून धोका बोलून दाखवते, त्यामुळे गोंधळ उडाला की तो आधीपासून ठाऊक असल्यासारखा वाटतो.

१९५२ च्या सप्टेंबरमधला चॉकलेट कारखान्याचा भाग सगळ्यांना आठवतो. पट्ट्यावरून येणारं प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळायचं, एक जरी सुटलं तरी नोकरी गेली. पट्टा वेग घेतो आणि दोघी चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाऊजमध्ये कोंबू लागतात. इथे त्या एका बाजूला आहेत. दोघींचे हात सारखेच चालतात, चूक सारखीच होते, आणि एकही दुसरीला दोष देत नाही.

चढाओढ बघायची असेल तर १९ ऑक्टोबर १९५३ चा भाग घ्या. महिला मंडळाच्या कार्यक्रमासाठी दोघींनी नकळत एकच ड्रेस विकत घेतलेला असतो. दोघी परत करायचं कबूल करतात, दोघी मनात म्हणतात की दुसरीने केला असेल, आणि दोघी तोच घालून रंगमंचावर येतात. कार्यक्रमातलं गाणं मैत्रीवरचं आहे, कोल पोर्टर यांचं ‘फ्रेंडशिप’. तोंडाने मैत्रीच्या आणाभाका चालू असताना हातांनी एकमेकींच्या ड्रेसची फुलं आणि झालरी ओरबाडल्या जातात. गाणं मात्र थांबत नाही. या प्रसंगात कोण चूक हे ठरवताच येत नाही, कारण दोघींनी अगदी सारखाच खोटेपणा केलाय. पुढच्या चाळीस वर्षांत हा साचा असंख्य वेळा वापरला गेला, पण दोघींचा अपराध इतका तंतोतंत समान ठेवायला फार थोड्या लेखकांना जमलं. या लेखकांत मॅडलिन प्यू ही स्त्री होती, हेही लक्षात ठेवण्याजोगं.

एथेल साकारणाऱ्या व्हिव्हियन व्हान्सच्या करारात ‘वजन वाढवून ठेवायचं’ अशी अट होती, हे खरं का?

नाही. ही कथा गमतीने लिहिलेल्या एका खोट्या करारावरून पसरली. खरी गोष्ट वयाची आहे. व्हान्स (जन्म १९०९) लुसी साकारणाऱ्या ल्युसिल बॉलपेक्षा (जन्म १९११) जेमतेम दोन वर्षांनी मोठी, पण तिला १८८७ साली जन्मलेल्या विल्यम फ्रॉलीची बायको दाखवलं गेलं आणि त्यामुळे एथेल उगाचच वयस्कर झाली. पुढे १९६२ मध्ये ‘द लुसी शो’ आला तेव्हा व्हान्सला स्वतःच्याच नावाचं पात्र मिळालं. ही व्हिव्हियन बॅगली घटस्फोटित होती. तोवर प्रमुख वेळेतल्या सिटकॉममध्ये अशी नायिका दिसत नव्हती.

मेरी आणि रोडाची जोडी एवढी मोठी का मानतात?

कारण त्यांची मैत्री भांडणातून सुरू होते आणि ते भांडण अगदी व्यवहारी आहे. ‘द मेरी टायलर मूर शो’चा पहिला भाग १९ सप्टेंबर १९७० चा. मिनिआपोलिसमध्ये नव्याने आलेली मेरी तिची मैत्रीण फिलिसने तिच्यासाठी राखून ठेवलेली खोली बघायला येते, पडदा उघडते, तर बाहेर रोडा खिडकीच्या काचा पुसत असते. तिच्या मते ही खोली तिची आहे. एका सभ्य, सगळ्यांना गोड वाटणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी एका फटकळ मुलीसमोर ‘ही जागा माझी’ म्हणून ठाम उभं राहावं लागतं, आणि ती राहते. त्या क्षणापासून रोडाला तिच्याबद्दल आदर वाटू लागतो. मैत्रीची सुरुवात कौतुकाने झाली असती तर रोडा नुसती करमणूक करणारी शेजारीण उरली असती.

दुसरं कारण हेव्याचं. रोडा स्वतःला मेरीच्या शेजारी कायम कमी लेखते. दिसण्यावरून, वजनावरून, नशिबावरून ती स्वतःचीच थट्टा करते. तिसऱ्या सीझनमध्ये (१९७२) ती वजन कमी करते आणि नोकरीच्या ठिकाणच्या, म्हणजे हेम्पेल्स या दुकानातल्या, सौंदर्यस्पर्धेत भाग घेते. ट्रीव्हा सिल्व्हरमन यांनी लिहिलेल्या या भागात रोडा आधी सांगते की तिसरा क्रमांक आला, आणि मग कबूल करते की ती जिंकली. जिंकल्याचं सांगायला तिला हरल्याचं सांगण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. मैत्रिणीमधला हेवा इतक्या हळुवारपणे त्या काळात दुसरीकडे क्वचितच लिहिला गेला.

फिलिस आणि रोडा यांचं उघड पटत नाही, आणि त्यांच्यामुळे मेरीची मैत्री सपक होत नाही. १९७३ च्या जानेवारीतल्या भागात फिलिसचा भाऊ बेन येतो. फिलिसला तो मेरीसोबत फिरावा असं वाटतं, तो फिरतो रोडासोबत, आणि फिलिस हवालदिल होते. शेवटी रोडा सांगते की बेन समलिंगी आहे, आणि फिलिस सुटकेचा निःश्वास टाकते. त्या एका प्रतिक्रियेतून कळतं की फिलिसला धास्ती फक्त रोडाची होती.

रोडा गेल्यावर मालिका बदलली का?

हो, आणि ते स्पष्ट दिसतं. १९७४ मध्ये व्हॅलरी हार्परची स्वतंत्र मालिका ‘रोडा’ सुरू झाली, १९७५ मध्ये क्लोरिस लीचमनची ‘फिलिस’. मेरीच्या घरातल्या दोन्ही बायका गेल्या. मालिकेचं वजन मेरी जिथे नोकरी करते त्या टीव्ही केंद्राच्या वृत्तविभागाकडे सरकलं, मेरी नव्या इमारतीत राहायला गेली, आणि बायकांमधली चकमक स्यू ॲन आणि जॉर्जेट या दोघींनी उचलली. तिकडे ‘रोडा’मध्ये नायिकेचं लग्न लावून दिल्यावर लेखकांना १९७६ मध्ये तिला नवऱ्यापासून वेगळं करावं लागलं. तिथे रोडाजवळ तिची बहीण ब्रेंडा होती, ही जमेची बाजू. पण मेरीसारखं, जिच्याशी मनातल्या मनात तुलना करत राहावं असं माणूस तिला पुन्हा मिळालं नाही.

स्यू ॲन निव्हन्स खलनायिका आहे का?

स्यू ॲन (बेटी व्हाइट) पहिल्यांदा दिसते १५ सप्टेंबर १९७३ च्या भागात. टीव्हीवर ती गृहकृत्यदक्ष, हसतमुख बाई; कॅमेरा बंद झाला की धारदार जिभेची आणि पुरुषांच्या मागे लागणारी. त्या भागात तिचं फिलिसच्या नवऱ्याशी, म्हणजे कधीच पडद्यावर न दिसणाऱ्या लार्सशी, सूत जमलेलं असतं. फिलिस जाब विचारायला थेट तिच्या स्टुडिओतल्या स्वयंपाकघरात येते. तिथे स्यू ॲन ओव्हनचं दार गुडघ्याने लोटून बंद करते ती हालचाल नीट बघा. सगळा राग त्या गुडघ्यात आहे. चेहऱ्यावर मात्र कार्यक्रमातलं हसू तसंच.

नवऱ्याची पळवापळवी असूनही हा प्रसंग लार्सबद्दल नाही, कारण लार्स तिथे नाहीच. दोन बायका आपापल्या प्रतिमेसाठी लढताहेत: फिलिसची ‘आदर्श, आधुनिक पत्नी’ म्हणून आणि स्यू ॲनची ‘आदर्श गृहिणी’ म्हणून. खलनायिका म्हणावं असं तिच्यात बरंच आहे, पण लेखकांनी तिला हळूहळू एकटेपणही दिलं. व्हाइटला या भूमिकेसाठी १९७५ आणि १९७६ असे लागोपाठ दोन एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) मिळाले.

‘लव्हर्न अँड शर्ली’ नुसती धांगडधिंग्याची मालिका होती ना?

धांगडधिंगा भरपूर होता, पण पाया पक्का होता. १९७६ ते १९८३, एकूण १७८ भाग. मिलवॉकीतल्या दोन कामगार मुली, हातात फारसे पैसे नाहीत. लव्हर्न धीट आणि सरळसोट, शर्ली सोवळी आणि स्वप्नाळू. एकीच्या प्रत्येक कपड्यावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर शिवलेलं, दुसरी मोठी झाली तरी खेळण्यातल्या मांजराला जपणारी. भांडण पुरुषावरून असो की पैशावरून, दोघींनाही माहीत असतं की भाडं अर्धं-अर्धं भरायचंय.

याच मालिकेत जोडी मोडल्यावर काय होतं तेही दिसतं. १९८२ मध्ये आठव्या सीझनच्या सुरुवातीला शर्ली साकारणाऱ्या सिंडी विल्यम्स बाहेर पडल्या. शर्लीचं लग्न लावलं आणि तिला चिठ्ठी ठेवून परदेशी धाडलं. नाव दोघींचं तसंच राहिलं आणि लव्हर्न उरलेला सीझन एकटी होती. लव्हर्न साकारणाऱ्या पेनी मार्शलच्या विनोदात कमतरता नव्हती. तिला ‘असं करू नकोस’ म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

‘गोल्डन गर्ल्स’मध्ये इतके बोचरे टोमणे असूनही मन का दुखत नाही?

याची उत्तरं तीन, आणि तिन्ही अगदी ठोस आहेत.

एक, टोमणा नेहमी त्या बाईने स्वतः मिरवलेल्या गोष्टीवर असतो. ब्लांश आपल्या पुरुषांबद्दल स्वतःच बढाया मारते, रोज नावाची बाई आपल्या सेंट ओलाफ या गावच्या गोष्टी स्वतःच सांगते. जे ती लपवते, म्हणजे ब्लांशचं म्हातारपणाचं भय किंवा रोजला आलेलं वैधव्य, त्यावर टोमणा आला तर भाग तिथे थांबतो आणि माफी मागितली जाते.

दोन, उलटा वार करायची मुभा सगळ्यांना आहे. सोफिया आपल्या मुलीला, डॉरोथीला, टोचते, डॉरोथी तिला वृद्धाश्रमाची धमकी देते. एकाच बाईने सलग मार खाल्ला असं सहसा होत नाही.

तीन, बसण्याची रचना. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बहुतेक वेळा तीनच खुर्च्या असतात, कारण चौथी ठेवली तर एकीची पाठ कॅमेऱ्याकडे येईल. मधोमध सहसा डॉरोथी. ती साकारणारी बी आर्थर उंच, आणि मध्ये बसल्यामुळे एका बाजूला ब्लांशकडे, दुसऱ्या बाजूला रोजकडे नुसतं बघून ती हशा घेऊ शकते. म्हणून टोमणा संपल्यावर तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो ते मोजा. पुष्कळदा वाक्यापेक्षा तो थांबाच लांब असतो.

भूमिकांचं वाटपही इथे कामी आलं. आधी बेटी व्हाइट ब्लांश आणि रू मॅक्लॅनहन रोज करणार होत्या. पण व्हाइटची स्यू ॲन लोकांच्या डोक्यात ताजी होती, म्हणून दिग्दर्शक जे सँड्रिच यांनी अदलाबदल सुचवली. चौघींनाही या मालिकेसाठी एमी मिळाला.

पुरुषावरून भांडण हाच मुख्य विषय असतो का?

जितका वाटतो तितका नाही. आणि जिथे असतो तिथे चांगले लेखक त्या पुरुषाला भागाच्या शेवटी निकामी करतात. ‘गोल्डन गर्ल्स’च्या १९८७ मधल्या एका भागात नाटकासाठी आलेला नट तिघींनाही स्वतंत्रपणे भुलवतो, कळल्यावर तिघी एक होतात.

इतर कारणं जास्त खोल जातात. वर्ग: ‘चीअर्स’मध्ये कार्ला आणि डायान एकाच बारमध्ये वेट्रेस आहेत, पण डायानला हे काम आपल्या शिक्षणाखालचं वाटतं आणि कार्लाला त्याच कामावर मुलं पोसायची आहेत. तिसरी मैत्रीण: ‘गोल्डन गर्ल्स’च्या १९८८ मधल्या भागात डॉरोथीला बार्बरा नावाची लेखिका मैत्रीण म्हणून मिळते, जी रोज आणि ब्लांशला तुच्छ लेखते. डॉरोथी बराच वेळ काणाडोळा करते. बार्बराच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नाही हे कळल्यावर ती मैत्री तोडते. भाग अस्वस्थ करतो, कारण मैत्रिणींचा अपमान तिने आधीच खपवून घेतलेला असतो.

आणि बहिणी. ‘डिझायनिंग विमेन’मध्ये ज्युलिया आणि सुझन शुगरबेकर एकमेकींना सतत बोलतात. पण १९८६ मध्ये, मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या एका भागात, नवी सौंदर्यराणी सुझनची टिंगल करताना ज्युलियाच्या कानावर पडते, आणि ज्युलिया उभ्या-उभ्या तिला असं सुनावते की ते भाषण आजही लोक तोंडपाठ म्हणतात. घरातल्या भांडणाचा हक्क बाहेरच्याला नाही, हा नियम त्या भाषणात कळतो.

‘लिव्हिंग सिंगल’चं नाव कमी का ऐकू येतं?

त्यावर अन्याय झालाय. यव्हेट ली बाउझर यांची ही मालिका फॉक्सवर ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू झाली, ‘फ्रेंड्स’च्या वर्षभर आधी. ब्रुकलिनमधल्या कृष्णवर्णीय तरुणी, त्यांच्या नोकऱ्या, त्यांचं घर. चढाओढीच्या दृष्टीने मॅक्स आणि रेजिन बघाच. मॅक्स ही त्या घरातल्या खदिजाची कॉलेजची मैत्रीण, रेजिन लहानपणची. दोघींना जोडणारा दुवा खदिजाच. मॅक्स त्या घरात राहतही नाही, तरी त्यांचा फ्रिज रिकामा करते, आणि रेजिनला नेमकं तेच खुपतं. मैत्रिणीच्या मैत्रिणीशी जमवून घेण्याची ही धडपड आधीच्या मालिकांत इतकी सविस्तर क्वचितच आली.

पडद्यामागेही भांडणं होती का?

काही होती, पण जोड्या लोक समजतात त्या नव्हेत. ‘आय लव्ह लुसी’त खरं वैर व्हान्स आणि तिचा पडद्यावरचा नवरा फ्रॉली यांच्यात होतं. बी आर्थरला आपण फारशा आवडत नव्हतो, असं बेटी व्हाइट यांनी स्वतःच पुढे सांगितलं. ‘लव्हर्न अँड शर्ली’च्या सिंडी विल्यम्स यांचा वाद स्टुडिओशी होता. तो कोर्टात गेला आणि तडजोडीने मिटला. ‘डिझायनिंग विमेन’मधून सुझन साकारणाऱ्या डेल्टा बर्क १९९१ मध्ये बाहेर पडल्या तो वाद निर्मात्यांशी होता. थोडक्यात, ‘दोन नट्यांचं जमत नव्हतं’ हे वाचलं की आधी पैसे, कामाचे तास आणि करार तपासावेत.

असा एक भाग लिहायचा असेल तर कसा बांधायचा?

बहुकॅमेरा पद्धतीची संहिता साधारण ४० ते ५० पानांची होते. त्यात दोन अंक धरा.

पहिल्या तीन-चार पानांत दोघींना एकत्र, मजेत दाखवा. काय पणाला लागणार आहे ते इथेच कळतं. मग दोघींना हवी अशी एकच वस्तू आणा आणि ती छोटी ठेवा: खोली, ड्रेस, एक आमंत्रण. पहिल्या अंकाच्या शेवटी दोघींनी एकेक खोटं बोललेलं असावं. दुसऱ्या अंकात ते चारचौघांत उघडं पडू द्या, कारण बंद खोलीतलं भांडण ऐकवत नाही. समेटाच्या वेळी एकीने काहीतरी खरोखर सोडून द्यायला हवं. नुसती मिठी मारून मिटवलं की पुढच्या भागातल्या भांडणावर कोणाचा विश्वास बसत नाही.

नेहमीच्या चुका: दोघींची बोलण्याची लय सारखीच ठेवणं, त्यामुळे कोणाचं वाक्य कोणालाही देता येतं. बाहेरून आलेल्या तिसऱ्या बाईला काही कारण न देता दुष्ट करणं. आणि शहाण्या मैत्रिणीला सगळ्या वेळी बरोबर ठेवणं. एथेल अधूनमधून लुसीपेक्षा मोठा घोळ घालते म्हणून ती जिवंत वाटते.

कुठून सुरुवात करू, आणि कुठली आवृत्ती बघू?

लुसीचा ड्रेसचा भाग, मेरीचा पहिला भाग, लार्सचा भाग, मग ‘गोल्डन गर्ल्स’मधला बार्बराचा, या क्रमाने चार बघा. पणाला काय लागतंय ते कसं बदलत जातं, ते लगेच दिसेल. पूर्ण लांबीची आवृत्ती शोधा. पुनःप्रक्षेपणासाठी जास्त जाहिराती बसवताना जुने भाग कापले गेले, आणि कात्री बहुतेक वेळा शांत संवादांवर किंवा शेवटच्या छोट्या प्रसंगावर चालली. भांडण राहतं, समेट घाईचा होतो. ‘आय लव्ह लुसी’चा पूर्ण भाग २५-२६ मिनिटांचा, ‘गोल्डन गर्ल्स’चा २४ च्या आसपास, समोरचा भाग २२ मिनिटांत संपत असेल तर तो कापलेला आहे.